टेराफॉर्मने लिनक्स मशीन उभारणं: कोणत्या बदलाने काय मोडतं

क्लाउडच्या कन्सोलमध्ये दहा-बारा बटणं दाबली की पाच मिनिटांत लिनक्स मशीन मिळतं. पंचाईत होते ती सहा महिन्यांनी, तस्संच दुसरं मशीन हवं झालं की. सबनेट कोणतं निवडलं होतं, कोणता पोर्ट कशासाठी उघडला होता, डिस्क एन्क्रिप्ट केली होती की नाही, हे तेव्हा कुणालाच धड सांगता येत नाही. टेराफॉर्ममध्ये हे सगळं फाइलमध्ये लिहिलेलं असतं आणि त्या फाइलवरूनच मशीन बनतं.

मात्र त्या फाइलमधला एखादा शब्द बदलला की काय होईल, हे शब्दागणिक वेगळं असतं. कधी नुसतं लेबल बदलतं, कधी मशीन बंद होऊन पुन्हा चालू होतं, तर कधी आख्खं मशीन पाडून त्याच्या जागी कोरं मशीन उभं राहतं, जुन्या डिस्कवरच्या डेटासकट सगळं जातं. मशीन उभं करणं अर्ध्या दिवसात शिकता येतं. हा फरक ओळखायला जास्त वेळ लागतो. म्हणून खाली प्रत्येक भाग कसा लिहायचा याबरोबरच तो नंतर बदलला तर काय होतं, तेही दिलं आहे.

उदाहरण ॲमेझॉनच्या ईसी२ सेवेवर उबुंटू २४.०४ चालवण्याचं आहे. अझूर किंवा गूगल क्लाउडवर रिसोर्सची (म्हणजे बनवायच्या वस्तूंची) नावं बदलतील, कामाचा क्रम साधारण हाच राहील. आज्ञा आणि रिसोर्सची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत. फाइलमध्ये रिसोर्सची आणि त्यांच्या आतली नावं रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि शब्दांमध्ये अंडरस्कोर घालून लिहायची. आज्ञांमधली जोडरेघ मात्र तशीच ठेवायची.

हत्यार आणि फोल्डर

हॅशिकॉर्पने टेराफॉर्म २०१४ मध्ये आणलं. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याचा परवाना मुक्त स्रोताऐवजी बिझनेस सोर्स लायसन्स झाला. त्यानंतर जुन्या कोडवरून ओपनटोफू ही शाखा निघाली, ती लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आहे. इथे लागणाऱ्या सगळ्या गोष्टी दोन्हींत चालतात. आज्ञेत ‘टेराफॉर्म’ऐवजी ‘टोफू’ लिहायचं, एवढंच. आवृत्ती मात्र १.१० किंवा पुढची घ्या, कारण स्टेटला (टेराफॉर्मच्या नोंदवहीला, ती पुढे येईल) कुलूप लावायची सोपी पद्धत त्यातच आली.

एका रिकाम्या फोल्डरमध्ये व्हर्जन्स, मेन, व्हेरिएबल्स आणि आउटपुट्स अशा चार फाइली केल्या की पुरे. टेराफॉर्म फोल्डरमधल्या सगळ्या डॉट-टीएफ फाइली एकत्र करून वाचतं, त्यामुळे ही विभागणी फक्त माणसांच्या सोयीची. सब-फोल्डर मात्र ते आपणहून वाचत नाही. नवशिके तिथे फाइल ठेवतात आणि ‘नो चेंजेस’ का येतंय म्हणून डोकं खाजवत बसतात.

व्हर्जन्स फाइलमध्ये एडब्ल्यूएस (ॲमेझॉनचा क्लाउड) प्रोव्हायडरची, म्हणजे टेराफॉर्मला त्या क्लाउडशी जोडणाऱ्या भागाची, आवृत्ती ‘~> ६.०’ अशी बांधून टाकायची. याचा अर्थ ६ मधली कोणतीही चालेल, ७ नको. मग ‘टेराफॉर्म इनिट’ चालवायचं. त्याने प्रोव्हायडर उतरतो आणि डॉट-टेराफॉर्म-डॉट-लॉक-डॉट-एचसीएल ही फाइल तयार होते. ती गिटमध्ये टाकायचीच. डॉट-टेराफॉर्म नावाचा फोल्डर, स्टेटच्या फाइली आणि गुपितं असलेल्या टीएफव्हार्स फाइली मात्र गिटइग्नोरमध्ये. तुमचा लॅपटॉप मॅक आणि बिल्ड सर्व्हर लिनक्स असेल तर लॉक फाइलमध्ये एकाच प्लॅटफॉर्मचे चेकसम राहून दुसरीकडे इनिट अडू शकतं. ‘टेराफॉर्म प्रोव्हायडर्स लॉक’ ही आज्ञा दोन्ही प्लॅटफॉर्मची नावं देऊन एकदा चालवली की काम होतं.

क्लाउडच्या खात्याची ॲक्सेस की प्रोव्हायडर ब्लॉकमध्ये लिहायची नाही, तात्पुरतीसुद्धा नाही. ‘तात्पुरती’ लिहिलेलीच गिटच्या इतिहासात कायमची राहते. एसएसओची (एकाच लॉगिनने प्रवेश) प्रोफाइल किंवा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वापरा. प्रोव्हायडर ब्लॉकमध्ये रीजन आणि डिफॉल्ट टॅग्ज ठेवा. प्रकल्पाचं नाव, कोणाची जबाबदारी आणि ‘टेराफॉर्मने बनवलं’ एवढे तीन टॅग असले की नंतर कन्सोलमध्ये हाताने काही बदलायला जाणारा माणूस निदान थबकतो.

स्टेट

बनवलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद टेराफॉर्म एका जेसॉन फाइलमध्ये करतं. तिला स्टेट म्हणतात. तुमच्या फाइलमधलं ‘वेब’ म्हणजे क्लाउडमधलं नेमकं कोणतं मशीन, हे याच नोंदीवरून कळतं. नोंद हरवली तरी मशीन चालूच राहतं, पण टेराफॉर्मच्या लेखी ते अस्तित्वातच नसतं आणि पुढच्या वेळी ते दुसरं मशीन बनवायला घेतं.

म्हणून एकट्याने शिकताना सोडलं तर स्टेट लॅपटॉपवर ठेवू नका. एस३ (ॲमेझॉनची फाइल साठवण्याची सेवा) बकेटमध्ये ठेवा. बकेटवर व्हर्जनिंग चालू, सार्वजनिक प्रवेश बंद. बॅकएंड ब्लॉकमध्ये (स्टेट कुठे ठेवायची ते सांगणारा भाग) बकेटचं नाव, फाइलचा मार्ग, रीजन, एन्क्रिप्ट ट्रू आणि यूज-लॉकफाइल ट्रू एवढं लिहायचं. पूर्वी कुलपासाठी डायनॅमोडीबीचं वेगळं टेबल करावं लागे. जुन्या लेखांत ते दिसेल, आता त्याची गरज नाही. ही बकेट त्याच फोल्डरमधल्या कोडने बनवायला गेलात तर आधी कोंबडी की आधी अंडं असा घोळ होतो. ती वेगळ्या छोट्या फोल्डरमधून किंवा हाताने एकदाच बनवा. बॅकएंड ब्लॉकमध्ये व्हेरिएबलवर विसंबू नका, मूल्यं थेट लिहा. टेराफॉर्म तिथे व्हेरिएबल घेत नाही.

स्टेटमध्ये सगळं साध्या मजकुरात असतं. व्हेरिएबलला ‘सेन्सिटिव्ह’ म्हटलं की ते पडद्यावर दिसत नाही, एवढंच. स्टेटमध्ये पासवर्ड जसाच्या तसा उतरतो. ज्याला स्टेट वाचता येते त्याला सगळी गुपितं वाचता येतात, असं धरूनच बकेटच्या परवानग्या ठरवा.

अप्लाय (फाइलप्रमाणे क्लाउडमध्ये खरोखर बदल करणारी आज्ञा) चालू असताना नेट गेलं किंवा प्रक्रिया मारली गेली तर कुलूप तसंच राहतं. पुढच्या वेळी ‘एरर अक्वायरिंग द स्टेट लॉक’ असं येतं आणि खाली कुलपाचा आयडी, ते कोणी आणि कधी लावलं हेही दिसतं. ते नाव वाचा, त्या माणसाला विचारा, आणि खरोखर काही चालू नाही याची खात्री झाली तरच ‘फोर्स-अनलॉक’ वापरा. चालू असलेल्या कामाचं कुलूप तोडलं तर दोन जण एकाच नोंदवहीत एकाच वेळी लिहायला बसतात.

नेटवर्क

व्हीपीसीला (क्लाउडमधलं आपलं खासगी नेटवर्क) १०.०.०.०/१६ आणि त्यातल्या सबनेटला (त्या नेटवर्कचा एक तुकडा) १०.०.१.०/२४ द्या. २४ च्या सबनेटमध्ये २५६ पत्ते असतात; त्यातले ५ ॲमेझॉन स्वतःकडे ठेवतं, म्हणून हाती २५१ उरतात. ऑफिसच्या किंवा दुसऱ्या क्लाउडच्या नेटवर्कशी पुढे जोडणी करायची असेल तर दोन्हीकडचे पत्ते एकमेकांवर चढता कामा नयेत. व्हीपीसीची मूळ रेंज नंतर बदलता येत नाही. बदलली तर व्हीपीसी पाडून नवी होते, म्हणजे आतलं सगळंच नवं.

सबनेट सार्वजनिक होण्यासाठी तीन गोष्टी लागतात: इंटरनेट गेटवे, ०.०.०.०/० ची वाट त्या गेटवेकडे दाखवणारं राउट टेबल, आणि ते राउट टेबल या सबनेटला जोडणारा असोसिएशन रिसोर्स. हा तिसरा हटकून विसरतो. तो नसला तरी अप्लायला काही चूक दिसत नाही, मशीनला सार्वजनिक पत्ताही मिळतो, फक्त त्याच्यापर्यंत कोणी पोचत नाही.

फायरवॉल

सिक्युरिटी ग्रुप लिहिताना नियम ग्रुपच्या आत न लिहिता प्रत्येक नियमाला वेगळा इनग्रेस-रूल (आत येणारा) किंवा इग्रेस-रूल (बाहेर जाणारा) रिसोर्स करा. आतले आणि बाहेरचे असे दोन्ही मिसळले तर दर अप्लायला ते एकमेकांना पुसत राहतात.

आत येणाऱ्यांत एसएसएचचा २२ पोर्ट फक्त तुमच्या पत्त्यापुरता, म्हणजे शेवटी /३२ लावून. ०.०.०.०/० ला २२ उघडा ठेवला तर मशीन उठल्यावर थोड्याच वेळात लॉगमध्ये अनोळखी लोकांचे पासवर्डचे प्रयत्न दिसायला लागतात. वेब सर्व्हर असेल तर ८० आणि ४४३ जगाला खुले.

बाहेर जाणारा नियम स्वतः लिहावा लागतो. कन्सोलमधून ग्रुप बनवला की बाहेर जायला सगळं मोकळं असतं. टेराफॉर्म मात्र नवा ग्रुप बनवताना तो आपोआप आलेला नियम काढून टाकतं. इग्रेस लिहिला नाही तर मशीनवर एसएसएच व्यवस्थित होतं, पण ‘ॲप्ट अपडेट’ लटकतं. मग माणूस डीएनएस तपासत बसतो. प्रोटोकॉल ‘-१’ आणि पत्ता ०.०.०.०/० असा एक इग्रेस नियम घातला की वाट मोकळी होते.

ग्रुपचं नाव किंवा वर्णन पहिल्यांदाच नीट लिहा. वर्णनातली शुद्धलेखनाची चूक दुरुस्त केली तरी ग्रुप पाडून नवा करावा लागतो, आणि मशीनला चिकटलेला ग्रुप ॲमेझॉन पाडू देत नाही. अप्लाय बराच वेळ ‘स्टिल डिस्ट्रॉयिंग’ म्हणत राहतं आणि शेवटी ‘डिपेंडन्सी व्हायोलेशन’वर आपटतं. यावर उपाय म्हणजे पूर्ण नावाऐवजी नेम-प्रिफिक्स द्यायचं आणि लाइफसायकल ब्लॉकमध्ये क्रिएट-बिफोर-डिस्ट्रॉय ट्रू करायचं. म्हणजे आधी नवा ग्रुप बनतो, मशीन त्याला जोडलं जातं, मग जुना जातो.

किल्ली आणि इमेज

एसएसएचची ईडी२५५१९ किल्ली आपल्या मशीनवर एसएसएच-कीजेनने बनवा आणि फक्त सार्वजनिक भाग की-पेअर रिसोर्सला द्या. टेराफॉर्मच्या टीएलएस प्रोव्हायडरने किल्ली बनवण्याची उदाहरणं सगळीकडे दिसतात. त्यात खासगी किल्ली स्टेटमध्ये जाऊन बसते. शिकण्यापुरतं ठीक, खऱ्या मशीनला नको. आणखी एक: मशीनच्या ब्लॉकमधलं की-नेम बदललं की मशीन नवं बनतं. नव्या सहकाऱ्याला प्रवेश द्यायला इथे हात लावायचा नाही. त्याची सार्वजनिक किल्ली मशीनवरच्या ऑथोराइज्ड-कीज फाइलमध्ये जोडायची.

इमेज (मशीनवर चढवायची तयार ऑपरेटिंग सिस्टिम) शोधायला डेटा सोर्स (क्लाउडला माहिती विचारणारा ब्लॉक) वापरतात: नावाचा फिल्टर, मोस्ट-रिसेंट ट्रू आणि ओनर्स. ओनर्समध्ये कॅनॉनिकलचा (उबुंटू बनवणारी कंपनी) खाते क्रमांक ०९९७२०१०९४७७ लिहायचाच. तो गाळला तर प्रोव्हायडरच्या जुन्या आवृत्त्यांत नावात बसणारी सगळ्यात ताजी इमेज येत असे, मग ती कोणीही प्रसिद्ध केलेली असो; ६ पासून प्रोव्हायडर चूक दाखवून थांबतो. त्याच नावाची दूषित इमेज टाकून ठेवायला कोणालाच मनाई नसते.

मोस्ट-रिसेंटचा दुसरा सापळा जास्त लोकांना लागतो. कॅनॉनिकल नव्या इमेज वरचेवर काढतं. आज मशीन उभं केलं, महिन्याने एक टॅग बदलायला अप्लाय केलं, मधल्या काळात नवी इमेज आली, आणि इमेज बदलली की मशीन नवं. टॅगच्या नादात सर्व्हर गेला. चाचणीच्या मशीनला हे चालेल. ज्यावर काही जपायचं आहे तिथे डेटा सोर्सने मिळालेला इमेजचा आयडी एका व्हेरिएबलमध्ये पक्का लिहा आणि बदलायचा तेव्हा ठरवून बदला. लाइफसायकलच्या इग्नोर-चेंजेसमध्ये एएमआय (इमेजचा आयडी लिहायची जागा) घालणं हाही मार्ग आहे, पण मग फाइलमध्ये एक इमेज आणि मशीनवर दुसरी अशी स्थिती राहते. फाइल खरं बोलत नसेल तर ती लिहिण्यात अर्थ उरत नाही, म्हणून पक्का आयडी बरा.

इमेजचं आर्किटेक्चर आणि मशीनचा प्रकार जुळायला हवा. टी३ प्रकारच्या मशीनला एएमडी६४ची इमेज, टी४जीला एआरएम६४ची. ही चूक व्हॅलिडेटमध्ये पकडली जात नाही, अप्लायच्या वेळी क्लाउडच नकार देतं.

मशीन

इन्स्टन्स ब्लॉकमध्ये इमेज, प्रकार, सबनेट, सिक्युरिटी ग्रुपचे आयडी, की-नेम हे तर येतंच. सुरुवातीला टी३ मायक्रो पुरतं: २ व्हर्च्युअल सीपीयू, १ जीबी मेमरी. टी३ मुळातच ‘अनलिमिटेड’ पद्धतीत उघडतं, म्हणजे सीपीयू सतत तापलेला राहिला तर क्रेडिट (जास्त वेगासाठी साठलेला वाटा) संपल्यावर वेग कमी न होता जादा बिल लागतं. बिलापेक्षा वेग कमी झालेला परवडत असेल तर क्रेडिट स्पेसिफिकेशन ‘स्टँडर्ड’ करा.

रूट डिस्कचा ब्लॉक गाळू नका: आकार २० जीबी, प्रकार जीपी३, एन्क्रिप्टेड ट्रू. आकार पुढे वाढवता येतो, मशीन न पाडता. कमी करता येत नाही. क्लाउडमध्ये डिस्क वाढली तरी आतली पार्टिशन आणि फाइलसिस्टिम लगेच वाढत नाही. उबुंटूमध्ये एकदा रीबूट केलं की क्लाउड-इनिट ती वाढवतं, रीबूट नको असेल तर ‘ग्रोपार्ट’ आणि मग ‘रीसाइझ२एफएस’ हाताने चालवायचं. एन्क्रिप्टेड नंतर चालू करायला गेलात तर मशीन नवं बनतं, म्हणून ते पहिल्याच दिवशी.

मेटाडेटा ऑप्शन्समध्ये एचटीटीपी-टोकन्स ‘रिक्वायर्ड’ करा. १६९.२५४.१६९.२५४ या पत्त्यावरून मशीनला स्वतःची माहिती आणि आयएएमची (ॲमेझॉनची परवानग्यांची सेवा) तात्पुरती ओळखपत्रं मिळतात. टोकन सक्तीचं नसेल तर वेब ॲपमधल्या एका फटीतून बाहेरचा माणूस ती मागवू शकतो. मशीनवर डॉकर चालणार असेल आणि कंटेनरला हा पत्ता लागणार असेल तर हॉप लिमिट २ ठेवा, १ असताना उत्तर कंटेनरपर्यंत पोचत नाही.

सबनेटने दिलेला सार्वजनिक पत्ता मशीन बंद करून चालू केलं की बदलतो. डीएनएस लावायचं असेल तर इलॅस्टिक आयपीचा (न बदलणारा सार्वजनिक पत्ता) रिसोर्स करा. फेब्रुवारी २०२४ पासून ॲमेझॉन प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याचं भाडं घेतं, वापरात असो वा नसो. दहा मशीन एकाच लोड बॅलन्सरमागे असतील तर प्रत्येकाला सार्वजनिक पत्ता कशाला?

क्लाउड-इनिट

मशीन पहिल्यांदा उठतं तेव्हा यूजर डेटा (मशीनला दिलेल्या सुरुवातीच्या सूचना) वाचून पॅकेजं बसवणं, वापरकर्ते बनवणं, फाइली लिहिणं ही कामं क्लाउड-इनिट करतं. टेराफॉर्मच्या रिमोट-एक्झेक प्रोव्हिजनरनेही हे होतं, पण त्याला एसएसएच उघडं लागतं, अर्ध्यात पडलं की मशीन ‘टेंटेड’ (पुढच्या वेळी पाडून नवं करायचं) होतं आणि प्लॅनमध्ये त्यातलं काही दिसत नाही. खुद्द टेराफॉर्मची कागदपत्रंही प्रोव्हिजनरला शेवटचा उपाय म्हणतात.

यूजर डेटाची पहिली ओळ ‘#क्लाउड-कॉन्फिग’ ही आणि अशीच हवी. # नंतर जागा सुटली तर क्लाउड-इनिटला ही कॉन्फिग आहे हे कळतच नाही, आणि तक्रारही फक्त लॉगमध्ये होते. आत यामलचे नियम: टॅब नाही, फक्त स्पेस. राइट-फाइल्समध्ये परवानगी अवतरणचिन्हांत द्या, ‘०६४४’ अशी. उघडा आकडा दिला तर यामल त्याचा भलताच अर्थ लावू शकतं. राइट-फाइल्स वापरकर्ते बनण्याच्या आधी चालतं, त्यामुळे फाइलचा मालक तुमचाच नवा वापरकर्ता असेल तर ‘डिफर: ट्रू’ लावा. आणि यूजर्सची यादी दिलीत तर तिच्यात ‘डिफॉल्ट’ हा शब्दही ठेवा. नाहीतर ‘उबुंटू’ नावाचा वापरकर्ता बनतच नाही आणि की-पेअरची किल्ली निरुपयोगी होते.

यूजर डेटाला १६ केबीची मर्यादा आहे. मोठी स्क्रिप्ट असेल तर बेस६४जीझिप फंक्शनने दाबून यूजर-डेटा-बेस६४ मध्ये द्या, किंवा स्क्रिप्ट बकेटमध्ये ठेवून इथून फक्त उतरवा. पासवर्ड यात घालायचा नाही. मशीनवरची जवळपास कोणतीही प्रक्रिया यूजर डेटा वाचू शकते.

टेम्प्लेटफाइल फंक्शनमधून शेलची स्क्रिप्ट नेताना डॉलर-महिरपी कंस हे टेराफॉर्मचंही चिन्ह आहे आणि शेलचंही. शेलसाठीचं चिन्ह डॉलर दोनदा लिहून सोडवा. महिरपी कंसाशिवायचा शेल व्हेरिएबल तसाच चालतो.

आता मुख्य गोष्ट. क्लाउड-इनिट पॅकेजं आणि रनसीएमडी (चालवायच्या आज्ञांची यादी) हे मशीनच्या आयुष्यात एकदाच चालवतं. सहा महिन्यांनी यूजर डेटात एक पॅकेज वाढवून अप्लाय केलं तर एडब्ल्यूएस प्रोव्हायडर मशीन बंद करतो, नवा यूजर डेटा लिहितो, पुन्हा चालू करतो. सेवा खंडित झाली, इलॅस्टिक आयपी नसेल तर पत्ता बदलला, आणि पॅकेज काही बसलं नाही. ‘यूजर-डेटा-रिप्लेस-ऑन-चेंज’ ट्रू केलं तर मशीन पाडून नवं बनतं आणि पॅकेज बसतं. यातलं एक आधीच ठरवा. मशीनवर डेटा ठेवायचाच नाही, तो वेगळ्या डिस्कवर किंवा डेटाबेस सेवेत, असं असेल तर रिप्लेस चालू करा. मशीन जुनंच राहायला हवं असेल तर यूजर डेटाला हात लावू नका आणि पुढचे बदल ॲन्सिबलसारख्या हत्याराने करा.

प्लॅन वाचणं

‘एफएमटी’, मग ‘व्हॅलिडेट’, मग ‘प्लॅन -आउट’ देऊन प्लॅन (काय बदलणार त्याची यादी) फाइलमध्ये साठवा आणि तीच फाइल अप्लायला द्या. नुसतं अप्लाय केलं तर त्या क्षणी नवा प्लॅन बनतो, मघाशी वाचलेला नाही. मधल्या काळात स्टेट बदलली असेल तर साठवलेला प्लॅन ‘स्टेल’ म्हणून नाकारला जातो, आणि ते बरंच आहे. प्लॅन फाइलमध्येही गुपितं असतात, ती गिटमध्ये टाकू नका.

प्लॅनमध्ये + म्हणजे नवी वस्तू, ~ म्हणजे जागच्या जागी बदल, - म्हणजे पाडणं. -/+ म्हणजे पाडून नवं आणि +/- म्हणजे आधी नवं, मग जुनं पाडणं. शेवटच्या ओळीतला ‘टू डिस्ट्रॉय’चा आकडा आधी पाहा. शून्य अपेक्षित असताना तिथे १ आला तर वर जाऊन ‘फोर्सेस रिप्लेसमेंट’ हे शब्द शोधा. ज्या ओळीसमोर ते आहेत ती ओळ मशीन पाडते आहे. इमेज, सबनेट, की-नेम, रूट डिस्कचं एन्क्रिप्शन या ओळींवर ते दिसतं. मशीनचा प्रकार बदलला तर ~ दिसतं, पण मशीन बंद-चालू होतंच. ~ म्हणजे सेवेला धक्का नाही, असं समजू नका. टॅग आणि सिक्युरिटी ग्रुपची यादी मात्र खरोखर चालत्या मशीनवर बदलते.

अप्लाय मध्येच पडलं तर केलेलं काम आपोआप मागे घेतलं जात नाही. जे बनलं ते बनलं, त्याची नोंद स्टेटमध्ये असते. चूक दुरुस्त करून पुन्हा अप्लाय केलं की उरलेलं पुढे चालू होतं. हाताने कन्सोलमध्ये जाऊन ‘साफसफाई’ केली तर गुंता वाढतो.

मशीनमध्ये शिरणं

अप्लाय पूर्ण झालं म्हणजे मशीन ‘रनिंग’ झालं, तयार झालं असं नाही. आत शिरल्यावर पहिली आज्ञा ‘क्लाउड-इनिट स्टेटस --वेट’. काही फसलं असेल तर /व्हार/लॉग/क्लाउड-इनिट-आउटपुट.लॉग मध्ये पॅकेजांचा आणि स्क्रिप्टचा सगळा ओरडा मिळतो. यामल चुकल्याचा संशय असेल तर ‘क्लाउड-इनिट स्कीमा --सिस्टम’ चुकीच्या ओळीवर बोट ठेवतं.

आत शिरताच येत नसेल तर चूक दाखवणारा मजकूर नीट वाचा, तो बरंच सांगतो. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे तुमची विनंती मशीनपर्यंत पोचतच नाही: सिक्युरिटी ग्रुप, राउट टेबलची जोडणी, किंवा घरचा आयपी बदलल्यामुळे /३२ चा नियम जुना झाला. ‘रिफ्यूज्ड’ म्हणजे वाट मोकळी आहे पण पलीकडे एसएसएच अजून उठलेलं नाही. अर्धा मिनिट थांबा. ‘परमिशन डिनाइड, पब्लिक की’ म्हणजे दारापर्यंत पोचलात, किल्ली किंवा नाव चुकलं. उबुंटूच्या इमेजमध्ये वापरकर्ता ‘उबुंटू’, ॲमेझॉन लिनक्समध्ये ‘ईसी२-यूजर’, डेबियनमध्ये ‘ॲडमिन’. रूट म्हणून शिरायला जाऊ नका. खासगी किल्लीच्या फाइलची परवानगी ६०० हवी, सैल असेल तर एसएसएच ती वापरतच नाही. मशीन नवं बनल्यावर त्याच पत्त्यावर ‘होस्ट आयडेंटिफिकेशन हॅज चेंज्ड’ असं आलं तर एसएसएच-कीजेनला -आर आणि पत्ता देऊन जुनी नोंद काढा. मात्र मशीन नवं केलेलं नसताना हा इशारा आला तर तो गांभीर्याने घ्या.

डेटाची वेगळी डिस्क

मशीन बिनधास्त पाडता यावं म्हणून डेटा वेगळ्या ईबीएस व्हॉल्यूमवर (ॲमेझॉनची वेगळी जोडता येणारी डिस्क) ठेवतात. व्हॉल्यूम आणि मशीन एकाच अव्हेलेबिलिटी झोनमध्ये हवेत, म्हणून झोनचं नाव हाताने न लिहिता सबनेटच्या रिसोर्समधून घ्या. जोडताना नाव /डेव्ह/एसडीएफ दिलं तरी आजच्या मशीनमध्ये ती डिस्क एनव्हीएमई१एन१ अशा नावाने दिसते, आणि एकाहून जास्त डिस्क असतील तर क्रमाचा भरवसा नाही. एफएसटॅबमध्ये (मशीन उठताना जोडायच्या डिस्कची यादी) यूयूआयडीने (फाइलसिस्टिमची न बदलणारी ओळख) माउंट करा आणि ‘नोफेल’ लिहा. ते नसलं आणि डिस्क जोडली गेली नाही, तर मशीन इमर्जन्सी मोडमध्ये अडकतं. तिथे एसएसएच नसतं. फॉरमॅट करणाऱ्या स्क्रिप्टने आधी फाइलसिस्टिम आहे का हे तपासायला हवं, नाहीतर नवं मशीन उठताच जुना डेटा स्वतःच पुसेल.

एकाहून जास्त मशीन

‘काउंट’ने तीन मशीन केली तर त्यांची ओळख ०, १, २ अशी असते. नावांच्या यादीतून पहिलं नाव काढलं की सगळे एक घर पुढे सरकतात: ० क्रमांकाचं मशीन दुसऱ्याचं रूप घेऊ लागतं आणि पाडलं जातं ते शेवटचं. ‘फॉर-ईच’ला नावांचा संच दिला की प्रत्येक मशीन आपल्या नावाने ओळखलं जातं आणि काढायचं तेच जातं. आधीच काउंटने केलेली असतील तर ‘मूव्ह्ड’ ब्लॉक लिहून जुना पत्ता नव्याला जोडा. मशीनला हात न लावता फक्त नोंद सरकते. कन्सोलमधून हाताने बनवलेलं मशीन ताब्यात घ्यायचं असेल तर १.५ पासून ‘इंपोर्ट’ ब्लॉक आहे. प्लॅनमध्ये ‘टू इंपोर्ट’चा आकडा दिसेल आणि ‘टू डिस्ट्रॉय’ शून्य येईपर्यंत ब्लॉकमधली मूल्यं जुळवत राहायचं.

कोणी कन्सोलमध्ये हाताने काही बदललं का, हे कळायला रोज एकदा ‘प्लॅन -डिटेल्ड-एक्झिटकोड’ चालवा. बदल नसेल तर ०, चूक झाली तर १, बदल असेल तर २ मिळतो. एकच सावधगिरी: वेगळ्या रिसोर्सने लिहिलेल्या नियमांशेजारी हाताने वाढवलेला नवा नियम यात दिसत नाही, कारण टेराफॉर्म फक्त आपल्या नोंदीतले नियम तपासतं.

पाडणं

लाइफसायकलमधलं ‘प्रिव्हेंट-डिस्ट्रॉय’ मशीन पाडणारा प्लॅन अडवतं, पण तो ब्लॉकच फाइलमधून उडवला तर संरक्षणही त्याबरोबर उडतं. ज्या मशीनला धक्का नको त्याला ‘डिसेबल-एपीआय-टर्मिनेशन’ही लावा, ते क्लाउडच्या बाजूने अडवतं.

‘डिस्ट्रॉय’च्या आधी ‘प्लॅन -डिस्ट्रॉय’ वाचा. डेटाची वेगळी डिस्कही त्याच फोल्डरमध्ये असेल तर ती यादीत असणारच. ती वाचवायची असेल तर रिसोर्सऐवजी ‘रिमूव्ह्ड’ ब्लॉक लिहून आत डिस्ट्रॉय फॉल्स ठेवा आणि आधी एकदा अप्लाय करा, म्हणजे नोंद जाते, डिस्क राहते. सबनेट किंवा व्हीपीसी पाडताना बराच वेळ अडकून ‘डिपेंडन्सी व्हायोलेशन’ आलं तर आत कोणीतरी हाताने बनवलेलं काहीतरी बसलं आहे. कन्सोलमध्ये नेटवर्क इंटरफेसची यादी त्या व्हीपीसीने गाळून पाहिली की बहुतेक वेळा सापडतं. हाताने काढलेले स्नॅपशॉट मात्र डिस्ट्रॉय झाल्यावरही राहतात आणि बिलात येत राहतात. ते शोधून वेगळे पुसावे लागतात.